सात इंचांची गुहा

१

माझ्यासारखा फरशी बसवणारा तुम्हाला शोधून सापडणार नाही. चाळीस वर्षांत मी बसवलेली एकही फरशी हललेली नाही. म्हणजे एक हलली होती, पण तिच्यावरून जे गृहस्थ घसरले त्यांचा तोल आधीपासूनच गेलेला होता, असं त्यांची सूनच म्हणाली. दुसरी हलली तेव्हा मी गावाला होतो. तिसरीबद्दल माझी बहीण सांगेल, कारण ती तिच्याच न्हाणीघरात आहे आणि रोज आंघोळीला जाताना ती माझ्या नावाने एकदा ओरडतेच.

तर सांगायचा मुद्दा, मला दगड कळतो. बाकी फारसं काही कळत नाही. शाळेत सातवीपर्यंत गेलो. सातवीत दोन वर्षं राहिलो, कारण खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि ती सोडवेना.

माझी एक खोड आहे, ती आत्ताच सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. कुठलंही काम संपवताना, शेवटची फरशी बसवण्याआधी, खालच्या सिमेंटच्या ओल्या मालात मी माझा उजवा अंगठा दाबून ठेवतो. वर फरशी बसली की झालं. कोणाला दिसत नाही, कोणाला कळत नाही. डॉक्टर, मास्तर, एक न्यायाधीशसुद्धा, सगळे इतकी वर्षं माझ्या अंगठ्यावर उभे राहून दात घासतायत. एकटा बसलो की हे आठवून मला इतकं हसू येतं की लोक उठून दुसऱ्या बाकावर जातात. अंगठ्यावर कटरने पडलेला तिरका व्रण आहे. त्यामुळे ठसा माझाच, दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही.

२

बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणतो, ती मला माकड म्हणते. तीस वर्षं तिने दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. त्यामुळे आजही समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, तोंडात बघते. घरात प्लास्टरचे दातांचे साचे अजून दोन-चार पडलेत. त्यातला एक मी एकदा साखरेच्या डब्यात पुरून ठेवला होता. शेजारीण वाटीभर साखर न्यायला आली, ती पुन्हा कधी आली नाही. ताईने तेव्हापासून मला बिनसाखरेचा चहा दिला. अजून देते.

तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस उंचीने बेताचा, पण खांदे असे की लिफ्टच्या टपावर जायच्या झाकणातून ते कधी सरळ गेलेच नाहीत. आधी एक हात, मग डोकं, मग तिरका खांदा, असं जिन्यातून कपाट चढवावं तसं स्वतःला वर चढवायचे. रोज संध्याकाळी आम्ही दोघं अंगठ्याची कुस्ती खेळायचो. चार बोटं एकमेकांत अडकवायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि समोरच्याचा अंगठा दाबून धरायचा. दाजी ‘दोन’लाच दाबायचे. छत्तीस वर्षं. मी बोंबलायचो, “दाजी, लबाडी!” ते म्हणायचे, “तीन यायची वाट बघायला मी काय तुझ्यासारखा रिकामा आहे?”

गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तिथंही ‘दोन’लाच.

मी आठ दिवसांसाठी ताईकडे राहायला आलो. त्याला आता वर्ष होईल.

दिवाणखान्यातली माशांची टाकी दाजींची. निवृत्त झाले त्या दिवशी ते टाकी आणि पट्ट्यापट्ट्यांची एक जोडी घेऊन आले होते. नराचं नाव फौजदार, मादीचं बाईसाहेब. फौजदाराचा उजवा डोळा दुधाळ होता आणि शेपटीला खाच होती, तरी टाकीभर छाती काढून फिरायचा. नऊ वर्षं फिरला. आणि एका सकाळी पाण्यावर आडवा तरंगत होता. ताईने त्याला दवाखान्यातल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत पुरलं. मी विनोद करायला तोंड उघडलं. तिने माझ्या तोंडात बघितलं. मी मिटून घेतलं.

फौजदार गेला आणि मी मागाहून टाकीत आणून सोडलेल्या चार चंदेरी गुंडांनी बाईसाहेबांना छळायला सुरुवात केली. शेपूट कुरतडायचे, कोपऱ्यात कोंडायचे. ती खाईना. पाण्याच्या पंपामागे अंग चोरून उभी राहायची.

टाकीचं सामान विकणारा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो. त्याने येऊन बघितलं आणि मान हलवली. “आजी, ही जात गुहेत राहणारी. हिला लपायला हक्काची जागा द्या. बरोबर हिच्या मापाची. नाहीतर महिना काही काढत नाही.”

तो गेल्यावर ताईने टाकीची काच पदराने पुसली. मग म्हणाली, “ही गेली ना, की टाकी देऊन टाकीन कोणाला तरी. मग या घरात ह्यांनी हाताने आणलेलं जिवंत असं काही उरत नाही.”

मी म्हटलं, “मी आहे की. मलाही दाजींनीच आणलं होतं पहिल्यांदा, जेवायला.”

ती हसली नाही. वर्षभरात ती हसलेली मी बघितलीच नव्हती, आणि मी काही कमी प्रयत्न केलेले नाहीत, साहेब. तिच्या चपलेत मी बेडूकसुद्धा ठेवून बघितला होता.

३

दुकानदार म्हणाला, सिलिकॉनने दगड चिकटवा. मी हसलो. चाळीस वर्षं ज्याने मालात हात घातला त्याने आता डिंकाने घर बांधायचं का?

माझ्याकडे प्रत्येक कामावरून उरलेल्या तुकड्यांची एक पेटी आहे. त्यातून काळसर पाटीच्या दगडाचे पाच तुकडे काढले. प्रत्येकावर व्हिनेगर टाकून बघितलं. दगडावर फेस आला तर त्यात चुना आहे समजायचं, तो माशाला चालत नाही. फेस आला नाही. उरलेलं व्हिनेगर ताईच्या पाण्याच्या पेल्यात टाकलं. फेस तिला आला. दगड जास्त शांत होते.

दोन बाजूंना दोन दगड, मागे एक, वर छप्पर आणि पुढे दाराचा दगड. दार कानसून गोल केलं, बाईसाहेब अंग न घासता आत जाईल एवढं. आतली खोली मोजून सात इंच. मागच्या दगडाला आतून मालाचा हात दिला, आणि अर्थातच, छप्पर बसवायच्या आधी त्या ओल्या मालात अंगठा दाबला. माशाच्या घरावर सही! एवढं उच्च दर्जाचं काम मी न्यायाधीशांकडेही केलं नव्हतं.

ताजं सिमेंट पाण्यात सोडलं तर मासे मरतात, तेवढं मलाही माहीत होतं. म्हणून गुहा बादलीत बुडवून ठेवली आणि रोज पाणी बदललं, एकवीस दिवस. तेवढे दिवस ताईने टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावलं, मध्ये जाळी घालून गुंडांना वेगळं केलं आणि बाईसाहेबांना चिमट्याने एकेक दाणा भरवला. दातांच्या चिमट्याने. “आ कर,” म्हणायची तिला. सवय.

बाविसाव्या दिवशी मी बाह्या वर केल्या, गुहा टाकीच्या मागच्या काचेला टेकवून बसवली, पांढरे खडे दाराशी लोटले आणि जाळी काढली. चारही गुंड बाईसाहेबांवर धावून आले. ती वळली, दारातून आत गेली आणि काळोखात दिसेनाशी झाली. गुंड दाराशी आले, थांबले, आणि एकदम मागे फिरले. चौघेही. पुढच्या काचेला जाऊन चिकटले, तोंडं बाहेर करून.

“बघ!” मी ओरडलो. “माझ्या कामाचा दरारा बघ!”

“न्हाणीघरातल्या फरशीलाही घाबरतात सगळे,” ताई म्हणाली.

४

चार दिवसांत बाईसाहेब खायला लागली. अंगावर पट्टे उमटले, कुरतडलेलं शेपूट भरून आलं. आम्ही दोघं म्हातारे सकाळचा चहा टाकीसमोर घ्यायला लागलो. ती गुहेतून बाहेर आली की मी टाळ्या वाजवायचो. ताई म्हणायची, “अरे माकडा, मासा आहे, नाटकातली नटी नाही.” पण तिची खुर्ची रोज इंचभर पुढे सरकत होती.

या जातीचे मासे घर मिळालं की साफसफाई काढतात. तोंडात खडा धरायचा, दाराबाहेर आणून थुंकायचा, परत आत. बाईसाहेबही लागली कामाला. सकाळभर फू, फू, फू. मला कौतुक. गवंडीणच ती.

पाचव्या की सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दाराशी पडलेला ढीग काळ्या खड्यांचा आहे.

टाकीत सगळे पांढरे खडे. मी स्वतः धुऊन घातलेले. काळा खडा टाकीत एकही नव्हता. मी म्हटलं, दगडाचा रंग उतरला असेल. मग म्हटलं, पाटीचा दगड आहे, कपचे निघाले असतील. पण कपचा चपटा असतो. हे गोल होते, वाटाण्याएवढे, गुळगुळीत. हात घालून मूठभर काढले. पाण्यातून काढलेला खडा हाताला गार लागायला हवा. हे कोमट होते, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवावेत तसे.

दुसऱ्या दिवशी ढीग दुप्पट. मी सगळे काढून वाटीने मोजले. आता हिशेब बघा, मी माल कालवणारा माणूस, मला अंदाज चुकत नाही. सात इंच खोल, पाच रुंद, चार उंच. काठोकाठ भरली तरी त्या गुहेत फार तर अकरा वाट्या मावतील, आणि मासा आत शिरायला जागा उरणार नाही.

त्या आठवड्यात बाईसाहेबांनी एकोणीस वाट्या बाहेर काढल्या. आणि आत अजून काळोख होता.

ताईने ते खडे उचलून गुलाबाच्या कुंडीत पसरले. “छान दिसतात,” म्हणाली.

५

आता तुम्ही म्हणाल, घाबरलो. छे! मला आनंद झाला. मला वाटलं, ताई! शेवटी ताईने सूड उगवायला घेतला! साठ वर्षं मी हिच्या चपलेत, डब्यात, पेल्यात काही ना काही टाकत आलो. आता ही माझी पाठ फिरली की टाकीत काळे खडे टाकते. मला इतकं भरून आलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मी गल्लीच्या तोंडाशी गेलो. “काळे खडे किती दिलेस आमच्या ताईला?”

“काळे ठेवतच नाही मी, आजोबा. त्यात घाण दिसत नाही, लोक टाकी धुवत नाहीत.”

“मग दुसऱ्या दुकानातून आणले असतील.”

“आजींना दोन जिने उतरवत नाहीत, आणि दुसऱ्या दुकानात जातील?” तो माझ्याकडे बघून हसला. “तुम्हीच काहीतरी करताय ना?”

आयुष्यभर हेच पेरलं मी. मी खरं बोललो की लोक आधी खिसे तपासतात.

घरी आलो. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी लाकडी फूटपट्टी घेतली, बाही वर केली आणि पट्टी दारातून सरळ आत घातली. सात इंचांवर मागचा दगड लागायला हवा. लागला नाही. आठ. नऊ. पाण्यात वस्तू वाकडी दिसते, हे सातवीत दोनदा शिकलोय, म्हणून दाराशी पट्टीवर नख धरलं आणि ती बाहेर काढून आकडा वाचला. नऊच. पुन्हा घातली. दहा. अकरा. मग अख्खी पट्टी आत गेली, माझ्या बोटांची पेरं दाराच्या दगडाला टेकली, आणि टोकाला काहीच लागेना.

टाकी आणि भिंत यांत चार बोटांची फट आहे. मी डावा हात मागून फटीत घातला आणि गुहेमागच्या काचेवर तळवा टेकवला. काच जागेवर. सपाट, कोरडी. उजव्या हातातली पट्टी बारा इंच आत. दोन हातांमध्ये जेवढी जागा होती, त्याहून पट्टी लांब होती.

तेवढ्यात ताई मागे येऊन उभी.

“टाकीला मिठी कशाला मारलीस?”

“प्रेम आलं.”

“लवकर आलं. पासष्ट वर्षं झाली.” आणि ती बादली घेऊन आत गेली.

मी तिचा दातांचा आरसा घेतला, तो लांब दांडीचा, नाण्याएवढा. विजेरी लावली, वरून पाण्यात सोडून दारातून आत वळवला. आणि आरशात काय दिसलं? मागचा दगड. चांगला जवळ, सात इंचांवर, मीच थापलेला माल आणि त्यात माझा अंगठा, तिरक्या व्रणासकट. पट्टी म्हणते भिंत नाही. आरसा म्हणतो भिंत आहे. दोघांतला एक थापा मारत होता, आणि या वेळी तो मी नव्हतो.

मी दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आणि हसत बसलो. हसू जरा जास्त वेळ चाललं.

६

उरला हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा सुमार. ऊन टाकीच्या पाण्यात शिरून छतावर नाचत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी गालिचा झटकत होतं, धप, धप. ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. असं सगळं लख्ख आणि खणखणीत. भिण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणूनच मी ती वेळ निवडली.

बाईसाहेब बाहेर फिरत होती. चारही गुंड पुढच्या काचेला. मी दारातून उजवा हात आत घातला. दार माशाच्या मापाचं, पण माझा हात म्हणजे काड्याच. मनगट गेलं. आणखी थोडं. बोटांना दगड लागला. मागची भिंत! सात इंचांवर! मला इतकं बरं वाटलं की मी त्या दगडाला शाबासकी दिल्यासारखं थोपटलं.

चाचपडत माझा ठसा शोधला. सापडला. अंगठा त्यात ठेवला. व्रण व्रणात बरोबर बसला, किल्ली कुलपात बसावी तसा.

तो खळगा कोमट होता.

आणि मग ठशाचा तळ वर आला. दगड मऊ झाला असं मी म्हणणार नाही, मला दगड कळतो. दगड दगडच होता. पण त्याच्या जागी, माझ्या अंगठ्यासमोर, दुसरं काहीतरी येऊन टेकलं. रुंद. चपटं. एका बाजूला घट्टा पडलेलं. ते नुसतं टेकून राहिलं, कुरापत काढायच्या आधी कोणी श्वास धरून बसावं तसं.

का कोण जाणे, मी मनातल्या मनात मोजायला लागलो. माझी तशी इच्छा नव्हती. पण अंगठ्यासमोर अंगठा आला की मला दुसरं काही सुचतच नाही, छत्तीस वर्षांची सवय. एक, मी म्हटलं.

दोन.

आणि त्याने दाबलं.

हात मी कसा काढला ते विचारू नका. दाराच्या कडेला मनगट सोललं. अर्धी टाकी माझ्या सदऱ्यावर आली. मी जमिनीवर बसलो होतो आणि तोंडातून जे शब्द बाहेर आले ते ऐकून मीच चकित झालो. मी ओरडत होतो, “लबाडी! लबाडी!”

“काय झालं रे?” ताईने आतून विचारलं.

“काही नाही. घसरलो.”

“न्हाणीघरात?”

“नाही.”

“मग नवल आहे.”

अंगठ्याच्या नखाखाली काळंनिळं झालं होतं. दाजी दाबायचे तेव्हा व्हायचं तसं.

७

दुपारभर विचार केला. विचार करणं हा माझा धंदा नाही, पण केला. म्हटलं, वय झालं, हाताला मुंग्या येतात, पेटका आला असेल. म्हटलं, हात काढताना दगडावर आपटला असेल, नख काळं झालं असेल. प्रत्येक कारण चांगलं होतं. पण एकही दुसऱ्याच्या शेजारी बसायला तयार नव्हतं, नात्यातल्या भांडलेल्या बायकांसारखं.

शेवटी ठरवलं, उद्या सकाळी गुहा काढायची. बाईसाहेबांना दुसरी बांधून देईन, सिलिकॉनने, डिंकाने, ती म्हणेल त्याने. पण ही नको.

सकाळी बादली घेऊन दिवाणखान्यात आलो, आणि ताईचं हसणं ऐकलं.

तुम्हाला ते हसणं माहीत नाही. आधी नाकातून एक बारीक शिट्टी, मग खांदे हलतात, मग एकदम कुकरचं झाकण उडाल्यासारखं. शाळेत असताना तिला या हसण्यापायी वर्गाबाहेर काढायचे. ती खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर आपटत हसत होती, आणि टाकीत दोन मासे होते.

म्हणजे गुंड धरून सहा. पण पट्ट्यांचे दोन. बाईसाहेब, आणि तिच्या शेजारी, छाती काढून, तो. शेपटीला खाच. तीच ऐटबाज चाल. चारही गुंड कोपऱ्यात एकावर एक रचल्यासारखे.

“माकडा,” ती म्हणाली, डोळे पुसत, “कुठून शोधून आणलास रे हुबेहूब? आणि मला पत्ता लागू दिला नाहीस! जन्मात पहिल्यांदा धड काहीतरी केलंस!”

तिने माझ्या गालाला हात लावला. साठ वर्षांत पहिल्यांदा, त्याआधी चापट मारायलाच लावायची. आणि चहा आणला. चहात साखर होती. दोन चमचे, किंवा आनंदात तीन.

आयुष्यभर केलेल्या गोष्टी नाकारत आलो. ही एक न केलेली पहिल्यांदाच गोड लागत होती. मी चहा प्यालो. बादली खुर्चीमागे सरकवली.

पण चहा पिताना मी बघत होतो. तो काचेजवळ आला, वळला, आणि त्याचा दुधाळ डोळा मला दिसला. डावा.

८

चार दिवस मजेत गेले. ताई गुणगुणायला लागली. तिने न्हाणीघरातल्या फरशीला शिव्या दिल्या नाहीत. बाईसाहेब आणि तो गुहेत जात, बाहेर येत, जात, येत. दोघं मिळून खडे थुंकायला लागले होते, फू, फू. कुंडी भरली, मग ताईने बादली लावली. काळ्या खड्यांची.

पाचव्या दिवशी चहाची साखर माझ्या घशाखाली उतरेना.

“ताई, तो मासा मी आणला नाही.”

“बरं.”

“शपथ घेऊन सांगतो.”

“तुझ्या शपथेवर शेजारीण साखर न्यायला येते का?”

“ऐक ना! फौजदाराचा उजवा डोळा दुधाळ होता. ह्याचा डावा आहे.”

ताईने टाकीकडे बघितलं. जराही दचकली नाही. “तिकडून इकडे यायचं म्हणजे थोडं उलटंसुलटं व्हायचंच,” म्हणाली.

मी कप खाली ठेवला. रस्त्यावर पुन्हा कोणीतरी गालिचा झटकत होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, आरसा, सगळं. आणि शेवटी ते, जे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. “ताई, मी आत हात घातला होता. पलीकडून कोणीतरी माझा अंगठा दाबला.”

मला वाटलं, आता माकड म्हणेल. म्हणावं अशी फार इच्छा होती माझी.

“कितीला?” तिने विचारलं.

“काय?”

“कितीला दाबला?”

“दोनला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडात नाही. चेहऱ्याकडे. इतकी वर्षं झाली, हिचे डोळे घारे आहेत हे मी विसरूनच गेलो होतो. त्यांत इतका आनंद होता की मी खुर्ची मागे सरकवली.

“गुहा काढून टाकू या,” मी म्हटलं. “फौजदाराला तू स्वतःच्या हातांनी पुरलंस, ताई. कुंडीत आहे तो. जे गेलं ते गेलं. मी दुसरी बांधून देतो, साधी, तुला पाहिजे तशी.”

ताईने माझा कप उचलला, स्वतःच्या कपात अडकवला आणि उठली.

“कुंडी मी सोमवारीच उकरून बघितली. रुमाल आहे, घडी मी घातली तशीच आहे, आत काही नाही. तेव्हा तू आता बडबड बंद कर आणि दुसरी बांधायला घे. न्हाणीघरात बांध, ती फरशी तशीही तुला उखडायचीच आहे. अंगठा विसरू नकोस. आणि दार चांगलं रुंद ठेव, ह्यांचे खांदे तुला माहीत आहेत.”